मदत हवी आहे: डोंगरउतारावर चर खणावेत की वाळा लावावा?

नमस्कार मंडळी. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आमची एकरभर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे, नाचणी-वरईची. आषाढात ओढ्याला लाल गढूळ पाणी उतरतं आणि गावाची विहीर त्याच ओढ्याकाठी आहे, म्हणून माती वरच अडवायची आहे.

काही जण सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर सुचवतात. मला धास्ती वाटते. 30 जुलै 2014 ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं ते याच तालुक्यात. इतक्या पावसात, तीव्र उतारावर चरातलं पाणी मुरून माती जड झाली तर? कमी पावसाच्या गावांत चरांनी सोनं केलं हे खरं, पण तोच उपाय इथे लागू पडेल असं मी धरून चालत नाही. त्यापेक्षा समपातळीत वाळ्याच्या दाट ओळी बऱ्या वाटतात. मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती मागे राहते, पाणी हळूहळू पुढे सरकतं. बांधावर गिरिपुष्पाची झाडंही लावेन, पाला खताला होईल.

घाटमाथ्यावर कोणी वाळा लावलाय का? दोन ओळींत अंतर किती ठेवलं? हातभर खाली कातळ लागला तर ठोंब धरतात का? आणि मोकाट गुरांचं काय केलंत? पावसाआधी रोपं आणायची आहेत, कृपया लवकर कळवा.