मदत हवी आहे: शर्मन रणगाड्याला चिखल लावला आणि तो लंगडायला लागला

सोलापुरी_शेंगाचटणी:

नमस्कार मंडळी. रिमोटवर चालणारे रणगाडे करणारं इथं कुणी आहे का? असाल तर जरा घाई आहे. गणपतीला पंचवीस दिवस राहिलेत आणि माझा रणगाडा सरळ सोडला की डावीकडे ओढतो. उजवीकडे वळवायला गेलं की डावा पट्टा जागच्या जागी थरथरतो, आतून कण्हल्यासारखा आवाज येतो आणि मिनिटभरात सगळंच बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. पोटाला हात लावला तर चांगलंच गरम.

आमच्या मंडळाने यंदा देखाव्याला १९६५ ची असल उत्तरची लढाई घेतलीय. पंजाबात खेमकरणजवळ, ८ ते १० सप्टेंबर, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या ओल्या रानात रुतून बसले ती. ऊस म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यात फार समजवावं लागत नाही, मीटिंगमध्ये पाच मिनिटांत विषय पास. पॅटन थर्माकोलचे आहेत, अर्धे गाडलेले, त्यांना हलायचं नाही. हलणारा एकच, आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचा शर्मन, आणि तो माझ्या गळ्यात. रोज संध्याकाळी उसातून बाहेर यायचं, बुरूज (तोफ असलेला वरचा भाग) फिरवायचा, परत उसात जायचं. दहा दिवस, रोज वीसेक फेऱ्या.

मॉडेल १:१६ मापाचं, चिनी, ऑनलाइन मागवलेलं. बॉडी प्लास्टिकची, साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर. गिअरबॉक्स आणि पट्टे धातूचे, बॅटरी ७.४ व्होल्टची. छर्रे मारायची सोय होती ती काढून टाकली, देखाव्यासमोर पोरं नाक लावून उभी असतात.

आता माझे प्रताप. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवर स्प्रे मारला. (हसा.) रंग बॉडीवर पोचेपर्यंत हवेतच वाळला आणि हात फिरवला तर खरखरीत, जणू पीठ मारलंय. हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासला आणि पुढचा हात सकाळी साडेसहाला दिला. तो मात्र झकास बसला.

बारीक कामात मी रमलो हे कबूल करतो. दिव्यांच्या जाळ्या मोटर वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेच्या केल्या. मागच्या इंजिनाच्या झाकणावर बांधायला ताडपत्री हवी होती. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे आधी टॉवेलचाच तुकडा घेतला, पण त्याची लूप या मापात दोरखंडाएवढी दिसते. शेवटी जुन्या मलमलीचा तुकडा पातळ फेविकॉलमध्ये बुडवून पेन्सिलीवर गुंडाळला, ओला असतानाच दोन जागी शिवायच्या दोऱ्याने आवळला. दोऱ्याखाली कापडाला ज्या चुण्या पडल्यात त्या बघून बायकोसुद्धा ‘चांगलं झालंय’ म्हणाली. हे वाक्य आमच्याकडे स्वस्त नाही.

मग जुनाट दिसावा म्हणून गंज करायला घेतला. ओळखीच्या डाय हाऊसमधून लालसर तपकिरी पूड आणली, पट्ट्यांना आणि बुरुजाला चोळली. वरून पाण्याचं मॅट वार्निश ब्रशने दिलं, तर गंज विरघळून गुलाबी ओघळ खाली आला. मित्र बघायला आला होता, म्हणाला, “काय बे, रणगाड्याला कुंकू लावलास का काय?”

आणि चिखल. मेव्हण्याच्या मोहोळच्या रानातली माती आणली, फेविकॉलमध्ये कालवली आणि चाकं, पट्टे, खालचं पोट सगळं लिंपलं. दिसायला एक नंबर. दुसऱ्या दिवशी त्याला भेगा पडल्या आणि पट्टा सिमेंटसारखा कडक. हाताने हिसका मारून मोकळा केला, चालवला, आणि तिथून वरचं सगळं सुरू झालं.

मोटर जळली का? नवी गिअरबॉक्स मागवू? आणि चिखल दिसेल पण रणगाडा चालेल असं काही असतं का?

नगरी_नट:

दादा, काही मागवू नका आणि मुख्य म्हणजे आता चालवू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, बोर्ड तापतो, म्हणून बंद पडतंय. अजून चालतंय म्हणजे बहुतेक दोन्ही शाबूत आहेत.

आधी दोष कुठे आहे ते बघा. दोन्ही पट्टे काढा, रणगाडा साबणाच्या खोक्यावर ठेवा, चाकं अधांतरी. आता दोन्ही बाजू हळू फिरवा. डावी बाजू उजवीसारखीच फिरली तर दोष पट्ट्यात आणि चाकांत. तरीही कण्हत असेल तर माती गिअरमध्ये गेलीय. ग्रीसमध्ये माती म्हणजे गॅरेजवाल्यांची ग्राइंडिंग पेस्ट, दातेच खाऊन टाकते.

फेविकॉल पाण्याला शरण जातो. पट्टे कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर ठेवा, सकाळी टूथब्रश. नंतर लगेच कोरडे करा आणि पिनांना तेलाचं बोट, नाहीतर खरा गंज येईल. गिअरबॉक्स उघडलीत तर मोटर वेगळी काढून दाते रॉकेलने ब्रशने धुवा, पण बॉडीपासून लांब, स्टीलच्या वाटीत. वाळल्यावर पांढरं ग्रीस, तेही दातांवर जेमतेम. रंगकामात टर्पेंटाईन वापरलंत तर त्याचंही रॉकेलसारखंच. पातळ हात ठीक, पण प्लास्टिकवर तळं साचू देऊ नका, स्क्रूच्या भोकांपाशी तर नाहीच. तिथं ताण असतो आणि तडा तिथूनच जातो.

पट्टा परत चढवताना ताण बघा. मागच्या चाकाचा आस पुढेमागे सरकतो. वरच्या बाजूला थोडा झोळ हवा. तुणतुण्यासारखा ताणला तर मोटर दमते, फार ढिला असला तर वळताना उतरतो. शर्मनचं ओढणारं दातेरी चाक पुढे असतं, तिथं खडा अडकला की संपलं.

चिखलाचं माझं गणित साधं आहे: फिरतं ते फक्त रंगवायचं, थांबलेलं ते लिंपायचं. पट्टे, दाते, चाकांच्या कडा यांच्यावर जाडी शून्य, नुसता मातीचा पातळ डाग. जाड थर बॉडीच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या पंख्यांच्या (म्हणजे मडगार्डच्या) आत, चाकांच्या जोड्या जिथं बसतात त्या ब्रॅकेटवर. लोकांची नजर तिथंच जाते.

आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका. पट्ट्यावर गंज का? शर्मनच्या बऱ्याच पट्ट्यांना रबरी ठोकळे होते, रबर गंजत नाही. लोखंड फक्त टोकांच्या कड्यांना, आणि चालत्या रणगाड्यात तेही घासून चकचकीत होतं. बुरूजसुद्धा तीन दिवसांच्या लढाईत भंगारासारखा होत नाही. आमच्या नगरला टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. जरूर या, पण मळ शिकायला नको, तिथले रणगाडे रंगवून नीट ठेवलेले. मळ शिकायचा तर खाणीवर पोकलेन बघा. चेन कुठे चमकते, चिखल कुठे वाळून पांढरा पडतो, ग्रीसवर धूळ कशी काळी होते, सगळं फुकट.

हातमाग:

चाळीस वर्षं सूत रंगवण्यात गेली म्हणून बोलतो. तुम्ही आणलात तो कापडाचा रंग. तो पाण्यात विरघळून धाग्यात शिरावा म्हणूनच केलेला असतो. वार्निशमध्ये पाणी, तो विरघळला, त्याचा काय दोष? तुम्हाला हवी ती न विरघळणारी भुकटी: गेरू, पिवडी, फरशीत घालतात तो रेड ऑक्साईड, काजळी. सगळं पूजेच्या साहित्याच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

गुलाबी डागावर थेट हिरवा देऊ नका, परत वर झिरपेल. ओल्या कापसाने निघेल तेवढं काढा, कापूस पांढरा येईपर्यंत. मग लॅकरचा एक पातळ फवारा, वाळला की हिरवा.

आणि माती. अहो, काळी माती ती! ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा बघितल्या नाहीत का? शिवाय पंजाबात काळी माती कुठून आणलीत? तिकडची नदीची, फिकट भुरी.

टवाळ:

मग मुलतानी माती लावा, फेसपॅकवाली. नावाप्रमाणे ती तिकडचीच.

हातमाग:

टवाळा, चेष्टेत म्हणालास पण बरोबर आहे. मुलतानी माती, चिमूटभर पिवडी, त्याहून कमी गेरू. पण वस्त्रगाळ करून घ्या. एक मिलिमीटरचा खडा तुमच्या मापात सोळा मिलिमीटरचा दगड होतो. आणि बोअरच्या पाण्यात कालवू नका, वाळल्यावर क्षारांचे पांढरे वळ उठतात. बॅटरीत घालायचं पाणी घ्या.

सोलापुरी_शेंगाचटणी:

काका, नट, दोघांचे आभार. आठवडा गेला, आता अहवाल.

खोक्यावर ठेवून बघितलं. पट्टे काढल्यावर उजवी बाजू गुळगुळीत, डावी तशीच कण्हत होती. उघडली तर सगळ्यात मोठ्या गिअरच्या दातांत मोहोळचं रान. रॉकेलने धुतल्यावर वाटीत तळाला काळा गाळ बसला, त्यात एक खडा ज्वारीएवढा. तो काढला आणि आवाज गेला. मोटर ठीक आहे.

पट्टे भिजवून मोकळे झाले, पण हिसका मारला होता तिथली एक पिन वाकलेली निघाली. गल्लीतल्या सायकलवाल्याकडून जुना स्पोक घेतला, कापला, टोकं घासली. थोडा जाड होता म्हणून पॉलिशपेपर धरून ड्रिलमध्ये फिरवला, आता चपखल बसलाय. आस एक घर पुढे घेऊन झोळ ठेवलाय.

मुलतानी मातीचा चिखल पंख्यांच्या आत आणि ब्रॅकेटवर लावला, त्यात वाळलेल्या पाचटाचा चुरा. खालच्या कडेला थोडं चमकदार वार्निश दिल्यावर आत्ताच ओल्यातून आल्यासारखा दिसतो. पट्ट्यांवर नुसता डाग, टोकांच्या कड्या पेन्सिलीच्या शिशाने घासून चमकवल्या. ही कल्पना पोकलेनवरून. रविवारी होटगी रोडला एक उभा होता, मी वाकून चेनचे फोटो काढतोय म्हटल्यावर ऑपरेटर खाली उतरून “काय हरवलंय?” म्हणून विचारायला आला. सांगितल्यावर त्यानेच हाताने चिखल खरवडून दाखवला, आत ओला, बाहेर पांढरट, मध्ये एक गडद रेघ. ती रेघ मी करून बघितली, पण जरा जास्तच काळी झालीय.

काल हॉलमध्ये वीस फेऱ्या सलग मारल्या. सरळ जातो. पोट कोमट, गरम नाही.

नगरी_नट:

उत्तम. रोज पाच फेऱ्यांनंतर दोन मिनिटं विश्रांती द्या आणि रात्री पट्ट्यांवर कोरडा ब्रश फिरवा. उसाचं पाचट दात्यात अडकेल, त्याच्या वाटेवरचं आधी वेचून टाका. गडद रेघेवर मुलतानीची कोरडी धूळ टेकवा, मवाळ होईल.

टवाळ:

कुंकू गेलं का?

सोलापुरी_शेंगाचटणी:

बुरुजाचं गेलं. इंजिनाच्या झाकणावर एक ओघळ काही केल्या निघेना. ताडपत्री दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवून बांधलीय.