उभ्या पियानोला माइक कुठे लावू? (वेंगुर्ला, कौलारू घर)

खाडीकाठचा:
सासरे ७८ वर्षांचे. पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आता संध्याकाळी घरच्या पियानोवर बसतात. नाताळच्या आत त्यांचं वाजवणं नीट रेकॉर्ड करायचंय. दोन छोटे कंडेन्सर माइक आणि दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आहे. वरचं झाकण उघडून माइक आत सोडले तर तारांवर आपटणाऱ्या हॅमरची खटखट येते, लांब ठेवले तर अख्खी खोली डब्यासारखी वाजते. पियानो चिऱ्याच्या भिंतीला टेकलेला आहे.

सूरपेटी:
माइक राहू द्या, आधी पियानो ओढा. उभ्या पियानोचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, पाठीला असतो, म्हणजे तुमचा बराच आवाज चिऱ्यावर आपटतोय. दोनेक हात पुढे घ्या. चार माणसं बोलवा, जड पाठ असल्यानं तो मागे कलंडतो. मग पाठीमागे दोन माइक, एक खर्जाच्या बाजूला, एक तारसप्तकाच्या, बोर्डापासून वीतभर. मधल्या लाकडी खांबांसमोर नकोत. हॅमरचा आवाज जवळजवळ जातो.

दर्यावर्दी:
मागून घेतलेला आवाज मला गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटतो. झाकण उघडं ठेवून वाजवणाऱ्याच्या डोक्यामागे, जरा वर लावून बघा. दोन माइकमध्ये १७ सेंमी, तोंडं ११० अंशांत फाकलेली. सासरे जे ऐकतात तेच साधारण मिळेल. त्यांचं गुणगुणणंही येईल. येऊ द्या, वीस वर्षांनी तेच ऐकायला बसाल.

माडाखाली:
पावसात करू नको रे. कौलांवर पडाक लागलो की पियानो खंय नि पाऊस खंय, कायच कळाचा नाय. दमट हवेनं साउंडबोर्ड फुगतो, तारा ताणतात, मधल्या सप्तकाचा सूर चढतो. पाऊस गेल्यावर काही आठवडे थांब, ट्यून करून घे, मग रेकॉर्ड कर. संध्याकाळी रातकिडे असतात, म्हणून दुपारी. पंखा, फ्रिज बंद. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात. नाहीतर कंडेन्सर चरचरायला लागतो.

खाडीकाठचा:
ओढला! मागे तीन सुपाऱ्या आणि उंदराचं जुनं घरटं निघालं. दोघांचंही ऐकायचं म्हणून एक माइक मागे, एक पुढे लावला. हेडफोनवर झकास, पण मोनोत, म्हणजे दोन्ही माइक एकत्र करून ऐकलं की, खर्ज गायब.

सूरपेटी:
होणारच. साउंडबोर्ड पुढे ढकलला जातो तेव्हा पाठीकडून तो आत जातो, म्हणजे दोन माइकना उलट लाटा मिळतात. मागच्या माइकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करा, सॉफ्टवेअरमध्ये बटण असतं. मग तो चार-चार बोटं सरकवत मोनोतच ऐका, खर्ज जिथे भरेल तिथे थांबा. आणि गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) कमी ठेवा, सर्वात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या आसपास. ऑर्गनवाले जोरात आपटतात.

खाडीकाठचा:
खर्ज आला! आता फक्त उजवं पेडल दाबलं की किरकिरतं. काय लावू? खोबरेल तेल सोडून सांगा, ते सासऱ्यांनी लावून झालंय.