अनुभव धागा: आयोवाच्या मक्याच्या पट्ट्यातलं गाव

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या (जिल्हे) आहेत, आणि शहरं सोडली तर आग लागल्यावर धावणारे आणि मयताच्या घरी जेवण पोचवणारे शेजारीच असतात. नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना वापरता येईल असं नेमकं लिहा.

स्वयंसेवक अग्निशमन दल

पेजर वाजला की को-ऑपमधला (शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेतला), शाळेतला, शेतातला माणूस हातातलं काम टाकून निघतो. आगीइतकीच भीती ग्रेन बिनची, म्हणजे धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच कोठीची. साठवणीच्या मक्यात ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त ओला भरला की तो कुजतो, गोळे होतात, ऑगर (धान्य बाहेर ओढणारा फिरता स्क्रू) तुंबतो आणि कोणीतरी गोळे फोडायला आत उतरतं. ऑगर चालू असेल तर चार-पाच सेकंदांत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण बुडतो. वरचा थर टणक दिसला तरी खाली पोकळी असू शकते.

कोणी अडकलं तर आधी ऑगर बंद करून स्विचला कुलूप घाला, मग ९११ ला (आपत्कालीन मदतीचा नंबर) फोन करा. बिनचा पंखा चालू ठेवा, पण हीटर बंद. दोर बांधून ओढू नका: दाणे चहूबाजूंनी आवळलेले असतात, मणक्याला इजा होते. आम्ही दलातले लोक माणसाभोवती पत्र्याची पॅनेलं एकेक करून दाबतो, एकमेकांत अडकवतो आणि आतलेच दाणे उपसतो. बिन कापायची वेळ आली तर समोरासमोर भोकं पाडतो. एकाच बाजूने धान्य वाहिलं तर बिन कोसळते. तुम्ही शेतकरी नसलात तरी दलात या. रेडिओ आणि नोंदी सांभाळणारी माणसं नेहमीच कमी पडतात.

प्रोपेनबद्दल

गावाबाहेरच्या घरांना पाइपचा गॅस नसतो, म्हणून अंगणातल्या टाकीत प्रोपेन (द्रवरूप गॅस) भरून घेतात. ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४००. उन्हात द्रव फुगतो. काटा ३० टक्क्यांवर आला की फोन करा. टाकी रिकामी झाली तर गळतीची तपासणी झाल्याशिवाय घर तापवणारी भट्टी पेटवून देत नाहीत. ऑगस्टमध्येच भरून घ्या. ओला मका सुकवायलाही हाच प्रोपेन लागतो. २०१३ च्या ओल्या सुगीनंतर कडाक्याची थंडी पडली आणि मिडवेस्टभर टंचाई झाली. बर्फ पडला की टाकीपर्यंतची वाट मोकळी ठेवा.

चर्चचं स्वयंपाकघर

अंत्यविधीनंतरचं जेवण ठरलेलं: हॅमचे सँडविच, सॅलड, बार्स (वड्यांसारखे कापलेले गोड तुकडे), कॉफी. कॉफीचा मोठा अर्न (विजेचा पिंप) १५०० वॉटचा असतो, रोस्टरही (विजेवरचं झाकणाचं मोठं भांडं) जवळपास तेवढाच. दोन्ही एकाच सर्किटवर लावले की २५ अँपिअरच्या आसपास जातं आणि २० चा ब्रेकर पडतो, नेमका लोक रांगेत असताना. कुठला प्लग कुठल्या सर्किटवर आहे ते आधी विचारा. रोस्टर अन्न गरम ठेवायला उत्तम, पण थंडगार अन्न त्यात तापायला फार वेळ लागतो. आधी ओव्हनमध्ये तापवा आणि १४० फॅरनहाइटच्या खाली येऊ देऊ नका.

शाकाहारी असाल तर कॅसरोलमध्ये (ओव्हनमध्ये भाजलेला मिश्र पदार्थ) चिकन सूप, बीन्समध्ये बेकन आणि जेलोत (गोड जेली) प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन धरूनच चाला. विचारलेलं कोणालाही खटकत नाही. स्वतः मसालेभात नेलात तर भांड्यावर घटक लिहून ठेवा, काजू असतील तर आवर्जून.

रस्ते

'लेव्हल बी' अशी पाटी दिसली की तो मातीचा रस्ता, देखभाल नावापुरती. फोनवरचा नकाशा बिनदिक्कत तिकडे वळवतो. पावसानंतर काळ्या मातीत गाडी रुतते. पुढच्या मैलावरचा खडीचा रस्ता घ्या.