गणपतीत क्लाउड चेंबर: धुकं दिसतं, रेषा दिसत नाहीत

घोडबंदरकर

सोसायटीच्या मंडळाने यंदा मखराशेजारी एक टेबल विज्ञानासाठी दिलं आहे. त्यावर ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) क्लाउड चेंबर मांडायचा आहे, म्हणजे अल्कोहोलच्या धुक्यात अदृश्य कणांच्या वाटा रेषांसारख्या दाखवणारी टाकी. दोन चाचण्या झाल्या, दोन्ही फसल्या.

मांडणी अशी: ३० × २० × २० सेमीची काचेची फिशटँक उलटी. तिच्या तळाला, म्हणजे आता वरच्या बाजूला, फेल्टच्या पट्ट्या हॉट ग्लूने चिकटवलेल्या. फेल्टवर केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. खाली २ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, काळ्या स्प्रेने रंगवलेला. त्याखाली मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका, त्यात दीड किलो ड्राय आइसच्या कांड्या. प्रकाशाला वरून टॉर्च.

पाच मिनिटांत पत्र्यावर पांढरा थर धरतो. बारीक रिमझिम दिसते. रेषा एकही नाही. पंधराव्या मिनिटाला फेल्टची पट्टी सुटून खाली पडते.

दुसरा प्रश्न पाटीचा. मंडळातले काका म्हणतात, "विश्वातलं चैतन्य डोळ्यांनी पाहा" असं लिहा. ते मला पटत नाही. पण "द्वितीयक वैश्विक किरणांचे निरीक्षण" असं लिहिलं तर कुणी थांबणार नाही, लोक सरळ मोदकांकडे वळतील. काय लिहावं?

रबाळे_एमआयडीसी

चुका नेहमीच्याच आहेत, फक्त सगळ्या एकाच टाकीत जमल्यात.

आधी अल्कोहोल. ७० टक्केवाल्यात उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. ते पत्र्यावर गोठतं, तोच तुमचा पांढरा थर. काळ्या पार्श्वभूमीवरच रेषा दिसणार, ती तुम्ही स्वतःच पांढरी करताय. ९९ टक्क्यांचं हवं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे "आयपीए" म्हणून मागा. सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालणार नाही. बाटलीचं बूच लगेच लावायचं, नाहीतर श्रावण-भाद्रपदातल्या हवेतलं पाणी ते ओढून घेतं. फेल्ट पिळलं तर दोन-चार थेंब पडावेत इतकंच ओलं करा.

हॉट ग्लू अल्कोहोलने सुटतो. चिकटवलेला भाग काढायला लोक मुद्दाम तेच वापरतात. काचेच्या दोन्ही बाजूंनी छोटी चुंबकं लावून फेल्ट धरा. स्प्रेचंही तेच, बरेचसे रंग अल्कोहोलने मऊ पडून पोपडे धरतात. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप शेजारी-शेजारी लावा, एकावर एक चढवू नका. किंवा स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून काळा ॲनोडाइझ केलेला ३ मिमीचा तुकडा घ्या, तो सर्वांत बरा.

आता थंडी. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांवर असतो, पण कांड्यांच्या मधल्या पोकळ्यांमुळे पत्रा तितका थंड होत नाही. गोणपाटात घालून हातोडीने चुरा करा, तीनेक सेंटीमीटरचा सपाट थर द्या आणि पत्रा वरून दाबा. धातू नीट टेकला की तो चिरकतो. तो कर्कश आवाज आला म्हणजे बैठक बसली. या मापाला अडीच-तीन किलो लागेल, साधारण दोन तास पुरेल. दर अर्ध्या तासाने चुरा पुन्हा सारखा करायचा, कारण खालून तो उडून जातो आणि पत्रा अधांतरी राहतो. मल्टीमीटरला के-टाइप प्रोब (तापमान मोजणारी तार) असेल तर पत्र्यावर टेकवून बघा. उणे ३० च्या वर असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

टाकीची कड आणि पत्रा यांच्यात फट नको. मुलांची तेलकट रंगीत क्ले दाबून बसवा. गणपतीची शाडू हाताशी असेल तरी ती नको, तिच्यात पाणी असतं.

प्रकाश वरून टाकला की पत्राच उजळतो. रेषा उमटतात त्या पत्र्याच्या वरच्या साधारण एक सेंटीमीटरच्या थरात, कारण अल्कोहोलची वाफ तिथेच अतिसंपृक्त, म्हणजे हवेत मावेल त्याहून जास्त दाटलेली असते. काळ्या पुठ्ठ्याला बारीक चीर पाडून टॉर्च आडवा, त्या थराला समांतर लावा. बघणाऱ्याने टॉर्चच्या समोरच्या बाजूने, थोडं तिरकं, प्रकाशाकडे तोंड करून बघायचं. थेंब प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात, टॉर्चमागून बघणाऱ्याला निम्मंही दिसत नाही.

एवढं करून दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. आधी नुसती रिमझिम दिसेल, मग रेषा. सारखं झाकण उचलून बघितलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

कळवा_खाडी

वरचं सगळं बरोबर, पण आगीचं कुणी बोललंच नाही. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. मंडपात समई, निरांजन, कापूर, उदबत्ती असं सगळं असतं. मखराशेजारी हे टेबल नकोच, दुसऱ्या टोकाला हलवा. आरतीच्या वेळी बाटली मंडपात ठेवायची नाही. फेल्ट भिजवायचं काम बाहेर, मोकळ्या हवेत.

दुसरं, एक किलो ड्राय आइसचा पाचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो जड असल्याने जमिनीलगत साचतो. तीन बाजूंनी कापड लावलेल्या मंडपात लहान मुलं तिथेच बसलेली असतात. पंखा खालच्या पातळीवर, तोंड बाहेर. गाडीतून आणताना काचा उघड्या. थर्मासमध्ये किंवा झाकण घट्ट लावलेल्या डब्यात अजिबात नाही, फुटतो. हाताळायला चामड्याचे मोजे, स्वयंपाकघरातले रबरी नकोत.

नेरूळ_पामबीच

ड्राय आइसची दगदग नको असेल तर पेल्टियर प्लेट (वीज दिली की एक बाजू थंड, दुसरी गरम होणाऱ्या) वापरता येतील का? टीईसी१-१२७०६ स्वस्तात मिळतात.

रबाळे_एमआयडीसी

@नेरूळ_पामबीच, एका प्लेटने होत नाही. कागदावर दोन बाजूंतला फरक ६५ अंशांच्या पुढे दाखवतात, पण तो भार शून्य असताना. प्रत्यक्षात चाळीसएक धरा. आपल्याकडे हवाच ३० अंशांची, म्हणजे उणे १० वर गाडी अडली. दोन प्लेट एकावर एक ठेवल्या तर जमतं, मात्र खालची १२ व्होल्टवर आणि वरची ५ व्होल्टवर चालवायची. दोन्ही १२ वर लावल्या तर वरचीची उष्णता खालचीला उपसता येत नाही आणि उलट तापमान चढतं. हे चुकलेले लोक प्लेट खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. शिवाय खिडकी मिळते ४ × ४ सेमीची. घरात चालेल, मंडपातल्या रांगेला नाही.

कोकणकडा

रेषा दिसायला लागल्यावर खरी पंचाईत, कारण प्रत्येक जण विचारणार, "यातला म्यूऑन कुठला?" (म्यूऑन म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात वर तयार होऊन खाली येणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण.) टेबलावर उभा राहणाऱ्याला हे ओळखता यायला हवं.

जाड, आखूड, चारेक सेंटीमीटरपर्यंतची, पांढऱ्या मिशीसारखी रेषा म्हणजे अल्फा कण, बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा. बारीक, वाकडीतिकडी, माशी चालल्यासारखी म्हणजे इलेक्ट्रॉन. लांब, सरळ, बारीक असेल तर म्यूऑन असण्याची शक्यता बरी, पण वेगवान इलेक्ट्रॉनही सरळच जातो. म्हणून "हा नक्की म्यूऑन" असं छातीठोक सांगू नका. आणि बहुतेक म्यूऑन वरून खाली येतात, आपला थर जेमतेम सेंटीमीटरभर. त्यामुळे बरेचसे नुसता ठिपका किंवा आखूड रेघ सोडून जातात. लांब रेषा तिरक्या आलेल्यांच्याच.

कुणीतरी हुशार मुलगा चुंबक आणेलच. चकतीच्या चुंबकाचं क्षेत्र ०.१ टेस्ला धरा. नेहमीच्या ४ जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) म्यूऑनच्या मार्गाची त्रिज्या त्यात १३० मीटरच्या आसपास येते, म्हणजे २० सेमीच्या रेषेत मधला फुगवटा ०.०४ मिमी. डोळ्याला शून्य. मंद इलेक्ट्रॉन मात्र वळतो, तो दाखवा.

पाटीबद्दल: आकडा लिहा, पण हातात मावेल असा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो. ओंजळ धरली तर दीडशे चौरस सेंटीमीटर. प्रसाद हातात पडून तोंडात जाईपर्यंत पाच सेकंद गेले, तर दहा-बारा म्यूऑन ओंजळीतून आरपार गेले. लोक ओंजळ धरूनच उभे असतात, त्यांना वेगळं काही करायला सांगायची गरज नाही.

टिळक_पथ

सर्नच्या (जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या) आवारात नटराज उभा आहे. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेला चालतं, मग आपल्या पाटीवर "चैतन्य" लिहायला काय हरकत?

कोकणकडा

तो नटराज भारत सरकारने २००४ साली दिलेली भेट आहे. कणांच्या जन्ममरणाला तांडवाची उपमा सुंदर आहे आणि उपमा म्हणून ती तिथे उभी आहे. प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून नव्हे.

काकांना "चूक" म्हणू नका, वाद होईल आणि टेबल जाईल. त्यांना एक प्रश्न विचारा: चैतन्य गच्चीवर जास्त आणि पार्किंगमध्ये कमी असतं का? म्यूऑन असतात. पंधरा सेमीच्या स्लॅबमध्ये उभ्या म्यूऑनची ७० एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आसपास ऊर्जा खर्च होते. घोडबंदर रोडच्या वीस मजली टॉवरखाली मंडप असेल तर वीस स्लॅब झाले, कमी ऊर्जेचे वरच अडकतात. याच कारणासाठी टीआयएफआरची (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) मंडळी कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल गेली होती. म्यूऑनचा गोंगाट वरच्या खडकात अडावा आणि न्यूट्रिनोची, म्हणजे खडकातूनही जवळजवळ न अडता जाणाऱ्या कणांची, चाहूल लागावी म्हणून. १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे सापडल्या. जे मोजता येतं आणि छपराखाली कमी होतं, त्याला वेगळं नाव हवं, एवढंच काकांना सांगायचं.

आणि "बघून काय मिळतं" म्हणणाऱ्यांसाठी हे यंत्र कुठून आलं ते सांगा. सी. टी. आर. विल्सन १८९४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत होता. खालच्या धुक्यावर सावलीभोवती रंगीत कडी उमटलेली त्याने पाहिली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो, तेच. ते प्रयोगशाळेत करून बघावं म्हणून त्याने काचेच्या भांड्यात ढग करायला घेतले. धूळ काढून टाकली तरी थेंब धरतात, हे ध्यानात आलं. १९११ पर्यंत त्यात कणांच्या वाटा दिसू लागल्या, १९२७ साली नोबेल मिळालं. ठाण्यातले निम्मे ट्रेकर कोकणकड्यावर जाऊन आलेले असतात. इंद्रवज्राचा एक फोटो टेबलावर ठेवा, बोलणं आपोआप सुरू होईल.

ट्रान्सहार्बर_८०५

ओंजळ आवडली, पण सापेक्षता का सोडताय? मला वाटतं सगळ्यात मोठी गंमत तीच आहे.

म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी तेवढ्यात ६६० मीटर. आणि तो जन्मतो १५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वाशीला निघालेली लोकल ठाण्याच्या यार्डातच संपावी आणि तरी ती वाशीच्या जवळपास पोचलेली दिसावी. साध्या हिशोबाने सात अब्जांत एखादाच खाली यायला हवा. पण ४ जीईव्हीच्या म्यूऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने ३८ पट हळू चालतं, आणि त्या वेगाचे निम्म्याहून जास्त पोचतात. आइन्स्टाइनचं १९०५ सालचं गणित तुमच्या फिशटँकमध्ये रेघ ओढून जातं.

कोकणकडा

गणित मान्य. पण पाटीवर नको. रांगेतल्या माणसाला एका टेबलापाशी अर्धा मिनिट मिळतो, त्यात "घड्याळ हळू" म्हटलं की तो मान डोलावतो आणि निघतो. शिवाय तुमची टाकी म्यूऑन कुठून निघाला आणि किती जगला हे मोजत नाही, त्यामुळे "हा बघा पुरावा" म्हणणं थोडं उधारीचं होतं. थांबून विचारणाऱ्याला लोकलचं उदाहरण तोंडी सांगा, त्याला उत्तम.

ट्रान्सहार्बर_८०५

उधारीचं हे मान्य. तरी लोकल पाटीच्या मागच्या बाजूला लिहायला सांगेन, पाटी उलटवणारी मुलं असतातच.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. ९९ टक्केवालं मिळालं, पत्रा ॲनोडाइझ केलेला घेतोय, टेबल दुसऱ्या टोकाला हलवायला मंडळ तयार आहे. दोन शंका. एक, केळ्यात पोटॅशियम असतं म्हणतात, तर प्रसादातलं केळं आत ठेवून रेषा वाढतील का? दोन, गर्दीत सगळ्यांना दिसणार कसं?

रबाळे_एमआयडीसी

केळ्याने काही होणार नाही. एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, आणि त्यातले बरेचसे इलेक्ट्रॉन केळ्याच्या गरातच जिरतात. वर केळ्याचं पाणी टाकीत. त्यापेक्षा लोकांना सांगा की मोठ्या माणसाच्या अंगात पोटॅशियमचे चारेक हजार अणू दर सेकंदाला फुटतात, ते आकड्यानेच भागेल. रेषा वाढवायच्या असतील तर फुगा लोकरीवर घासून तळमजल्याच्या बंद खोलीत अर्धा तास टांगा, रेडॉनची पिल्लावळ, म्हणजे रेडॉन फुटून बनलेले किरणोत्सारी अणू, त्यावर जमते. फुगा फोडून रबर लगेच टाकीत ठेवा, अल्फाच्या मिशा वाढलेल्या दिसतील. तासाभरात जोर ओसरतो. पावसाळी हवेत फुग्यावर विद्युतभार टिकत नाही, म्हणून आधी फुगा आणि लोकर दोन्हीवर हेअर ड्रायर फिरवा.

गर्दीसाठी फोन स्टँडवर, टॉर्चच्या समोरच्या बाजूला तिरका. फोकस हाताने लॉक करा, नाहीतर कॅमेरा काचेवरच्या बोटांच्या ठशांवर फोकस धरतो. एक्सपोजर खाली ओढा, चित्र टीव्हीवर द्या. काच आतून धुरकट झाली तर पुसायला उघडू नका, बाहेरून ड्रायरची कोमट हवा द्या. तेही अल्कोहोलची बाटली दूर असताना.

कळवा_खाडी

आणि रात्री उरलेला ड्राय आइस बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. विसर्जनासाठी ठेवलेल्या पाण्याच्या टबातही नाही, पोरं धूर बघायला तोंड खाली घालतात. खोका उघडा करून गच्चीवर ठेवा आणि गच्चीच्या दाराला कडी लावा.