शहाणपण कसलं, चिडचिडच!

मोठ्या आजारातून उठलेली मुलं एका रात्रीत समजूतदार होतात, असं दोघातिघांनी लिहिलेलं वाचलं. आमच्या भाच्याचं तसं झालं नाही. चौदाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग, एएलएल नावाचा प्रकार. उपचार अडीच वर्षं: आधी किमो, कंबरेत मणक्यांमधून इंजेक्शनं, मग रोजच्या गोळ्या. उपचारातल्या स्टेरॉइडने भूक आणि चिडचिड वाढते; त्या दिवसांत रात्री दोनला पोहे मागायचा आणि मीठ कमी म्हणून ताटली ढकलायचा.

फरक दिसला तो शाळा पुन्हा सुरू झाल्यावर. वर्गातली मुलं प्रिलिमच्या मार्कांवरून रडत होती, हा गप्प. "मामी, त्यांचं ऐकू येतं गं, पण आत शिरत नाही." याला पोक्तपणा म्हणायचं की एकटेपणा? मला तरी एकटेपणाच वाटला.

तपासणीला गेला की नव्या छोट्या पेशंटपाशी जाऊन टोपी काढतो. किमोनंतर केस कुरळे आलेत, पूर्वी सरळ होते. "ओढून बघ, खरे आहेत!" कॅनडाचा टेरी फॉक्स १८व्या वर्षी कर्करोगात पाय गमावल्यावर संशोधनासाठी पैसे जमवायला देशभर धावायला निघाला, तोही वॉर्डातली मुलं पाहूनच.

घरी ओला टॉवेल मात्र अजून पलंगावरच पडतो.