लोम्बार्डीतली ऑस्ट्रियाची राजवट खरंच एवढी वाईट होती का?

मोजणीदार

इटलीचं एकीकरण आपल्याला भेटलं ते मॅझिनीच्या बोटाला धरून. सावरकरांनी केलेला त्याच्या लेखांचा अनुवाद 1907 मध्ये आला, इंग्रजांनी तो जप्त केला, आणि मराठी डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: ऑस्ट्रिया म्हणजे इटलीतला इंग्रज. मिलानभोवतीच्या लोम्बार्डी प्रांतापुरतं तरी मला ते लंगडं वाटतं.

1535 मध्ये मिलानचं स्फोर्झा घराणं संपलं आणि राज्य स्पेनच्या हाती गेलं. 1706 मध्ये ते ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे आलं. म्हणजे ऑस्ट्रियाने कुणा स्वकीय राजाला हुसकावलं नव्हतं. आल्यावर त्यांनी काय केलं? जमीन मोजली. (मी याच खात्यातला, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.) 1718 मध्ये हुकूम निघाला. व्हिएन्ना दरबारातला गणिती मारिनोनी याने प्लेन टेबल मोजणीचा (जागेवरच फळ्यावर कागद लावून नकाशा काढायचा) आग्रह धरला आणि गावोगावचे नकाशे एका पद्धतीने तयार झाले. शेतातली तुतीची झाडंसुद्धा मोजली, कारण तिथला पैसा रेशमाचा. मध्ये लढायांमुळे काम रखडलं. हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसाने 1749 मध्ये ते पोम्पेओ नेरीकडे सोपवलं आणि 1 जानेवारी 1760 पासून या नोंदींवर कर लागू झाला.

खरी गोम पुढे आहे. आकारणी एकदा ठरली की ठरली. पाट काढा, तुती लावा, उत्पन्न दुप्पट करा, कर तेवढाच. इंग्रजांनी दख्खनमध्ये दर तीस वर्षांनी फेरआकारणी ठेवली होती. इंदापूरला ती झाल्यावर सारा किती चढला आणि 1875 मध्ये पुणे-नगर पट्ट्यात सावकारांच्या वह्या-खतं कशी जळली, हे वेगळं सांगायला नको.

याच मिलानमध्ये 1764 साली बेक्कारिया या विचारवंताने छळ आणि फाशीविरुद्ध लिहिलं. सरकारने त्याला तुरुंगात नाही टाकलं, प्राध्यापकी दिली. 1861 च्या खानेसुमारीत अख्ख्या इटलीत चारातले तीन निरक्षर होते, लोम्बार्डीत निम्म्याच्या आसपास. मग जुलूम कसला?

कृष्णाकाठ

मोजणीदार, तुमची गाडी 1780 च्या पुढे सरकतच नाहीये. मारिया थेरेसाच्या पुण्याईवर पुढच्या शतकातल्या ऑस्ट्रियन सेनापती राडेट्स्कीला पास करताय.

नेपोलियन आला नि गेला, आणि 1815 मध्ये जी राजवट परत आली ती निराळीच होती. सेन्सॉर, पोलिसांचे खबरे, आणि मोठ्या निर्णयाचा प्रत्येक कागद व्हिएन्नाला. 1821 मध्ये काउंट कॉन्फालोनिएरीला धरलं. आधी फाशी सुनावली, मग जन्मठेप देऊन पार मोराव्हियातल्या श्पीलबर्ग किल्ल्यात डांबलं. हा माणूस शाळा काढत होता आणि पो नदीत वाफेच्या बोटी आणत होता.

तंबाखूचा किस्सा तर बघाच. तंबाखू ही सरकारी मक्तेदारी, म्हणून 1 जानेवारी 1848 पासून मिलानकरांनी सिगार ओढणं सोडलं. दोनच दिवसांत सैनिक तोंडात सिगार धरून, लोकांच्या तोंडावर धूर सोडत रस्त्यांवरून फिरायला लागले. दगड आले, तलवारी निघाल्या, माणसं मेली. मार्चमध्ये त्याच शहराने पाच दिवस (18 ते 22) बॅरिकेड लढवून एक्क्याऐंशी वर्षांच्या राडेट्स्कीला बाहेर काढलं. तो ऑगस्टमध्ये परतला. पुढल्या वर्षी बादशहाच्या वाढदिवशी मिलानमध्ये लोकांना भर चौकात फटके मारले, त्यात दोन तरुण मुली होत्या.

आता सांगा, जुलूम कसला?

मिलानवासी

नोकरीनिमित्त सध्या इथेच आहे. त्या पाच दिवसांचं स्मारक आहे तो चौक माझ्या ट्रामच्या वाटेवर. खाली हुतात्म्यांच्या अस्थी आहेत. 1895 मध्ये उभं राहिलं. इथल्या सहकाऱ्यांना विचारलं तर ऑस्ट्रियाबद्दल वाईट बोलणारे कमी, रोमबद्दल बोलणारे जास्त. पण ते आयकर भरायच्या दिवसांत विचारलं होतं.

मोजणीदार

@मिलानवासी, 1895 म्हणालात, बरं झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे 1898 मध्ये, पावाच्या महागाईवरून उठलेल्या मिलानवर जनरल बावा बेक्कारिसने तोफा डागल्या. सरकारी आकड्यानेच ऐंशीच्या आसपास मेले. राजा उंबेर्तोने जनरलला पदक दिलं. ही सगळी स्वकीय मंडळी बरं का.

आणि मॅझिनीला पहिली फाशीची शिक्षा कुणी ठोठावली? व्हिएन्नाने नाही. 1833 मध्ये इटलीतल्याच पिडमाँट राज्याच्या सव्हॉय घराण्यातल्या राजाने. त्याच घराण्याला पुढे इटलीचं सिंहासन मिळालं.

कृष्णाकाठ

म्हणजे घरचा मारतो म्हणून बाहेरच्याने मारलेलं माफ? हे काय लॉजिक झालं राव.

मिलानचा विचारवंत कात्तानेओ, त्याचं उदाहरण घ्या. तुमच्या त्या 1760 च्या आकारणीचं याच्याइतकं कौतुक क्वचितच कुणी केलं असेल. साम्राज्यात राहूनच सुधारणा मागाव्यात अशा मताचा माणूस, संघराज्यवादी, पिडमाँटच्या राजाचा कट्टर विरोधक. आणि पाच दिवसांत युद्धसमितीचा म्होरक्या तोच! ज्याला त्या राजवटीची चांगली बाजू सगळ्यात जास्त कळत होती तोच बॅरिकेडवर गेला, यात सगळं आलं. (नंतर इटलीच्या संसदेवर निवडून आला तरी राजाची शपथ नको म्हणून आत बसला नाही. माणूस सरळ होता.)

1857 मध्ये बादशहाने धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन गव्हर्नर म्हणून पाठवला. गोड बोलायचा, कामंही काढली. मिलानचे खानदानी लोक त्याच्या मेजवान्यांना फिरकेनात. बऱ्या वागण्याला एवढी किंमत असती तर फिरकले असते.

रानभूल

खानदानी लोक फिरकेनात, बरोबर. आणि कुळं? 1848 नंतर लोम्बार्डीच्या खेड्यांत शेतकरी राडेट्स्कीचा जयजयकार करत होते. जमीनदार शहरात बसून देशभक्त झालेले, म्हणून खेड्यातला माणूस त्यांच्या शत्रूच्या बाजूने. राडेट्स्कीने बंडखोर श्रीमंतांवर जबर दंड बसवला तो काही उगाच नाही, त्याला ही फट दिसत होती.

पण मोजणीदार, तुमचंही सांगते. कर तेवढाच राहिला तर वाढलेलं उत्पन्न कुणाच्या घशात गेलं? मालकाच्या. गहू, तांदूळ, रेशीम बाजारात आणि कुळाच्या ताटात तिन्ही त्रिकाळ पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं पिठलं. त्यातून पेलाग्रा व्हायचा: उन्हात कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम. मारिया थेरेसाचा मुलगा जोसेफ दुसरा याच्या काळात, 1784 मध्ये, मिलानजवळच्या लेन्यानोला खास या रोगासाठी इस्पितळ काढावं लागलं. म्हणजे तुमचा सुवर्णकाळच.

मोजणीदार

इस्पितळ काढलं, हे तरी मान्य करा. इटली 1861 मध्ये झाली आणि पेलाग्रावर कायदा आला 1902 मध्ये. मधल्या काळात दळणावर कर बसवला तो वेगळाच.

रानभूल

मान्य. इस्पितळ व्हिएन्नाने काढलं, कायदा रोमने केला. कुळाचा करार मात्र दोघांनीही बदलला नाही, कारण मालक दोघांनाही हवा होता.

कृष्णाकाठ

@रानभूल, या हिशेबाने 1848 मध्ये मिलानच्या बॅरिकेडवर मेले ते कोण? मृतांच्या याद्यांत कारागीर, हमाल, मजूर भरलेत. त्यांना कुठल्या मालकाने पाठवलं होतं, तेवढं सांगा.