आईस्क्रीममधला जीएमएस (४७१): प्रमाण किती, शाकाहारी आहे हे कसं ठरवायचं, तब्येतीला धोका आहे का?

गारेगार_राजारामपुरी

छोटं युनिट आहे, एका वेळी १० किलो मिक्सची बॅच. दूध म्हशीचं. होमोजिनायझर (स्निग्धांशाचे थेंब बारीक फोडणारं यंत्र) नाही, हँड ब्लेंडर आहे. जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर) कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून सुट्टा येतो, पांढरे बारीक मणी, पुडीवर नाव-गाव काही नाही. सध्या दर लिटर दुधाला दोन टेबलस्पून घालतो. अडचण अशी, की मिक्समध्ये पांढरे कण राहतात आणि खाल्ल्यावर टाळ्याला मेणासारखा थर बसतो. गिऱ्हाईक आता डब्यावरचा ४७१ (जीएमएसचा घटक-क्रमांक) वाचून विचारतं, ही प्राण्याची चरबी आहे का, कॅन्सर होतो का, उपवासाला चालतं का. तिन्हीची खरी उत्तरं हवी आहेत. प्रमाणही ग्रॅममध्ये सांगा.

मिक्स_आणि_मलई

आधी चमचा बाजूला ठेवा आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. मेणाचा थर त्या दोन टेबलस्पूनमुळेच येतोय. व्हिडिओतल्या घरगुती कृतींमध्ये एवढा जीएमएस घालतात, कारण तिथे मलई नसते आणि मिक्सरमध्ये फेटून फुगवायचं असतं. तुमच्या मिक्समध्ये १० टक्के स्निग्धांश आणि घुसळत गोठवणारा फ्रीझर असेल तर ०.२ ते ०.३ टक्के पुरे, म्हणजे १० किलोला २० ते ३० ग्रॅम. हा आकडा ९० टक्के मोनोग्लिसराइड (कामाचा मुख्य भाग) असलेल्या डिस्टिल्ड, म्हणजे शुद्ध केलेल्या मालाचा. साध्या मालात मोनोग्लिसराइड ४० ते ५५ टक्केच असतं, तो त्या हिशेबात जास्त लागतो. म्हणूनच बिननावाची पुडी घेऊ नये, त्यात काय आहे ते कळत नाही.

दूध ६.५ टक्के फॅट, ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) धरून बॅच अशी बसते: दूध ६.५ किलो, ४० टक्क्यांची क्रीम १.५ किलो, स्किम्ड दूध पावडर ४५० ग्रॅम, साखर १.५ किलो, जीएमएस २५ ग्रॅम, सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, मिक्स दाट ठेवणारा स्टॅबिलायझर) १२ ग्रॅम. यात स्निग्धांश १० टक्क्यांच्या जरा वर आणि एकूण घनपदार्थ साडेछत्तीसच्या आसपास येतात. ‘आईस्क्रीम’ म्हणून विकायला किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश आणि ३६ टक्के घनपदार्थ लागतातच, आणि तयार मालाचं वजन लिटरला ५२५ ग्रॅमपेक्षा कमी भरता कामा नये. कट्ट्यावरचं (समोर म्हैस पिळून दिलेलं) दूध घेत असाल तर रोजचं फॅट बदलतं. लॅक्टोमीटर फॅट सांगत नाही. दूध संस्थेत फॅट काढून घ्या आणि क्रीम त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

कण राहतात ते तापमानामुळे. हे मणी साधारण ६० ते ६५ अंशाला वितळतात. गार किंवा कोमट दुधात टाकले तर पाणी त्यांना भिजवत नाही, ते तसेच तरंगतात. क्रीममधली वाटीभर बाजूला काढून ७० अंशापर्यंत तापवा, जीएमएस त्यात पूर्ण विरघळवा, आणि तोवर ६५ अंशाच्या वर गेलेल्या दुधात ब्लेंडर चालू ठेवून ओता. सीएमसीचं उलटं: तो दहापट साखरेत कोरडा मिसळून ४५–५० अंशाच्या दुधात भुरभुरवायचा, एकदम टाकला की गुठळ्या. मग सगळं मिक्स ६९ अंशावर ३० मिनिटं धरा आणि गरम असतानाच शेवटचं जोरात ब्लेंड करा. होमोजिनायझर नसताना हीच एक संधी असते.

पुढची पायरी बरेच जण गाळतात आणि मग जीएमएसला दोष देतात. मिक्स लवकर ४ अंशापर्यंत उतरवून किमान ४ तास ठेवायचं, रात्रभर उत्तम. दुधातली प्रथिनं स्निग्धांशाच्या थेंबाभोवती घट्ट कवच करतात. गारव्यात जीएमएस त्यातली काही बाजूला सारून स्वतः तिथे बसतो आणि कवच कमकुवत होतं. मग फ्रीझरमध्ये घुसळताना हे थेंब एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. आईस्क्रीम कोरडं, उभं राहणारं निघतं ते या जाळ्यामुळे. जीएमएस वाढवला की थेंब जास्तच चिकटतात, पात्याला लोण्याचे दाणे दिसायला लागतात. कमी पडला तर माल ओलसर निघतो आणि कपात लगेच पाणी सुटतं. मशीनमधून उणे ५–६ अंशाला काढा आणि उशीर न करता डीप फ्रीजला लावा.

लेबल_नीट_लावा

शाकाहाराचं. ४७१ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ४७१ म्हणजे मोनो-डायग्लिसराइड, जीएमएस त्यातलाच; ते बनवायला चरबी किंवा तेल आणि ग्लिसरीन अल्कलीसोबत २०० अंशाच्या वर तापवतात. मूळ पाम तेल असू शकतं, तसंच गुराची किंवा डुकराची चरबीही. तयार माल चाखून किंवा हुंगून फरक कळत नाही. आपल्याकडे पाम तेलापासूनचा माल सर्रास मिळतो, पण ‘सर्रास मिळतो’ हे गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर नव्हे.

सीलबंद पिशवी घ्या. त्यावर हिरवा ठिपका, बनवणाऱ्याचा एफएसएसएआय (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि ‘खाद्य दर्जा’ हवा. जीएमएस कॉस्मेटिक आणि प्लास्टिकच्या धंद्यातही जातो, त्यामुळे सुट्टा माल अजिबात नको. पुरवठादाराकडून स्पेसिफिकेशन शीट मागा, त्यात मूळ स्रोत वनस्पतीज असल्याचं लेखी असतं. देत नसेल तर दुकान बदला. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध वगळता प्राण्याचा अंश कितीही थोडा असला तरी पदार्थाला तपकिरी त्रिकोणाचं मांसाहारी चिन्ह लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की नुसता कोड पुरत नाही, घटक वनस्पतीज की प्राणिज हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे. डब्यावर ‘इमल्सिफायर (आयएनएस ४७१, वनस्पतीज)’ आणि सीएमसीसाठी ‘स्टॅबिलायझर (आयएनएस ४६६)’ असं छापा.

उपवासाचं ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीवर सोडा. तुम्ही फक्त घटक खरे सांगा. शुद्ध जीएमएसमध्ये धान्य नसतं. तयार स्टॅबिलायझर मिश्रणात मात्र मक्याचं माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं, ते वाचल्याशिवाय ‘उपवासाला चालतं’ असा बोर्ड लावू नका.

पोषण_कोल्हापूर

तब्येतीचं. आपण तेल-तूप खातो तेव्हा आतड्यात त्याचे मोनोग्लिसराइड आणि फॅटी आम्ल असेच तुकडे होतात, म्हणजे शरीराला हा पदार्थ परका नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये फेरतपासणी करून सध्याच्या वापरात चिंतेचं कारण नाही आणि रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही, असं सांगितलं. त्याच अहवालात ट्रान्स फॅट आणि ग्लिसिडिल एस्टरसारख्या अशुद्धींवर कडक मर्यादा आणाव्यात असंही म्हटलं आहे, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वस्त, बिननावाच्या मालात धोका असेल तर तो तिथे.

कॅन्सरची बातमी फ्रान्समधल्या पाहणीवरून आली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९२,००० प्रौढांच्या त्या अभ्यासात ४७१ जास्त खाणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. ही निरीक्षणं आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही. जास्त ४७१ म्हणजे बहुधा जास्त बिस्किटं, केक, पाकिटबंद खाणं, आणि गणिताने हे सगळं पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण म्हणून ती पाहणी उडवूनही लावू नये. गिऱ्हाइकाला ‘काही होत नाही’ असं छातीठोक सांगण्यापेक्षा ‘१०० ग्रॅम आईस्क्रीममध्ये पाव ग्रॅम आहे, वनस्पतीज आहे’ हे सांगा.

इमल्सिफायरने आतड्याच्या अस्तराला इजा होते असं जे फिरतं, त्यामागचं उंदरांवरचं २०१५ चं काम सीएमसी आणि पॉलिसॉर्बेट ८० (दुसरा एक इमल्सिफायर) वर होतं, जीएमएसवर नव्हे. माणसांवरच्या २०२२ च्या चाचणीत रोज १५ ग्रॅम सीएमसी दिलं होतं. वरच्या बॅचमध्ये १०० ग्रॅमला ०.१२ ग्रॅम बसतं. तरी आतड्याचा जुना विकार असलेल्याने विचारलं तर सीएमसी आहे हे आवर्जून सांगा.

गारेगार_राजारामपुरी

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: डिस्टिल्डऐवजी ‘सेल्फ इमल्सिफाइंग’ घेतला तर कण टळतील का? आणि शेजारच्या बेकरीवाल्या काकांना ब्रेडसाठी हाच चालेल का?

मिक्स_आणि_मलई

कण टळतील. त्यात थोडा साबण असतो म्हणून तो गरम पाण्यात सहज पसरतो, पण व्हॅनिलासारख्या हलक्या चवीत ती साबणाची चव जाणवू शकते. तुम्हाला ७० अंशाची सोय आहे, डिस्टिल्डच घ्या. पावसाळ्यात पिशवी हवाबंद डब्यात, ३० अंशाच्या खाली ठेवा.

काकांना चालेल, पण कोरडा मैद्यात मिसळून नव्हे. १ भाग जीएमएस आणि ४ भाग पाणी ७० अंशाला ढवळत एकजीव करून, ढवळतच गार केलेली पेस्ट मळताना घालायची. मैद्याच्या ०.३ ते ०.५ टक्के जीएमएस, म्हणजे १० किलोला ३० ते ५० ग्रॅम, पेस्टच्या हिशेबात १५० ते २५० ग्रॅम. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी झाली की तिचा गुण उतरतो. मिसळीबरोबरचे स्लाइस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कारण जीएमएस स्टार्चशी जोडला जाऊन त्याला कडक होऊ देत नाही. बुरशी मात्र त्याने थांबत नाही, तेव्हा मऊ लागतो म्हणून ब्रेडची तारीख वाढवायची नाही.